मृगातून उधळलेले तारे

1893 साली लोकमान्य टिळकांचा ‘ओरायन’ हा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. वसंतसंपात मृगात असल्याच्या खुणा वैदिक वाङ्मयात शोधून त्यांनी वेदांचा काळ इसवी सनापूर्वी 4000 च्या आसपास नेला. त्यावर वाद झाले, पण आकाश वाचून काळ मोजण्याची ही रीत मराठी वाचकाच्या ओळखीची झाली. त्याच मृगातली, त्याहून कितीतरी जुनी एक घडामोड 1954 साली उजेडात आली.

खगोलशास्त्रज्ञ आद्रियान ब्लाऊ आणि विल्यम मॉर्गन यांनी त्या वर्षी दोन ताऱ्यांचा माग काढला. सारथीतला एई ऑरिगी आणि कपोतातला म्यू कोलंबी. दोन्ही निळे, वजनदार आणि सेकंदाला शंभरेक किलोमीटर वेगानं परस्परविरुद्ध दिशांना पळणारे. आज त्यांच्यात आकाशात सुमारे 67 अंशांचं अंतर आहे. त्यांच्या वाटा उलट मोजत नेल्या, तर पंचवीस-सव्वीस लाख वर्षांपूर्वी त्या मृगातल्या तेजोमेघापाशी येऊन मिळतात.

त्यांना हाकललं कुणी? 1961 साली ब्लाऊ यांनी सुचवलं, की जोडीतल्या मोठ्या ताऱ्याचा स्फोट झाला की पकड सुटते आणि दुसरा गोफणीतल्या दगडासारखा भिरकावला जातो. 1967 साली मेक्सिकोच्या आर्काडिओ पोवेदा यांनी सहकाऱ्यांसह वेगळं कारण मांडलं. नवजात तारकागुच्छात दाटी फार. तारे एकमेकांच्या अगदी जवळून जातात आणि गुरुत्वाकर्षणाच्या ओढाताणीत एखादा बाहेर फेकला जातो. मृगाच्या बाबतीत हेच पटण्याजोगं आहे. हिप्पार्कस उपग्रहाच्या मोजमापांवरून 2001 साली असा निष्कर्ष निघाला, की दोन जोड्या समोरासमोर आल्या, दोन तारे उडाले आणि उरलेल्या दोघांची नवी जोडी जमली. मृगातल्या तीन ताऱ्यांच्या तिकांड्याच्या दक्षिणेचा आयोटा ओरायनिस म्हणजे तीच. ही जोडी 29 दिवसांत लांबट कक्षेत एकमेकांभोवती फिरते.

हा प्रकार अपवादात्मकही नाही. आपल्या शेजारच्या दीर्घिकेतल्या आर136 या तरुण गुच्छातून फेकले गेलेले 55 वजनदार तारे 2024 साली गाया उपग्रहानं दाखवून दिले.

मृगातून उधळलेले ते दोन तारे पाहायला काळोख हवा. काळी नदीच्या खोऱ्यातल्या, जंगलानं वेढलेल्या कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात तो अजून शिल्लक आहे. जूनमध्ये शेतकरी मृगाच्या पावसाची वाट पाहतो तेव्हा मृग सूर्याच्या उजेडात हरवलेला असतो. म्हणून जानेवारीतली अमावास्या गाठावी. सशाच्या खाली म्यू कोलंबी नुसत्या डोळ्यांनी सापडतो. एई ऑरिगीसाठी दुर्बीण सोबत ठेवा.