रक्षकांनाच लागणारी आंच

उष्णता ही अणुविद्युत्-केंद्राची कमाई आहे आणि तीच त्याची चिंताही आहे. कोळशाची भट्टी विझविली म्हणजे निवते. अणुभट्टीचें तसें नाहीं. विखंडन थांबविल्याच्या क्षणींही मूळ औष्णिक शक्तीच्या सुमारें 6 ते 7 टक्के उष्णता किरणोत्सर्गी द्रव्यांतून निघतच असते. ती वाहून नेण्यासाठींच पंप, झडपा, जनित्रें, मापकें आणि त्यांस जोडणाऱ्या केबली असा सारा लवाजमा ठेवलेला असतो. या रक्षकांनाच आंच लागली तर काय, हा आजचा प्रश्न.

महाराष्ट्रापुरता हा इतिहास तारापुरास सुरू होतो. जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीशीं 1964 सालीं करार झाला आणि 28 ऑक्टोबर 1969 पासून दोन भट्ट्यांची वीज नियमित मिळूं लागली. नळी फुटली तर पाणी कोठून आणावयाचें, याचा विचार त्या पिढीनें केला होता. परंतु कोंडलेल्या तप्त वाफेंत केबलचें आवरण किती तग धरील, याची कसोटी घेण्याचे आजच्याइतके कडक नियम तेव्हां नव्हते. अमेरिकेंत ते 1983 सालीं कायद्यांत आले.

आवरण नुसत्या आगीनें जातें असें नाहीं. घरांतील कुकरची रबरी रिंग रोजच्या तापानें कडक होते, हें गृहिणींस सांगावयास नको. येथें कळंबोलीच्या लोखंड-बाजारांत पत्र्याखालच्या जुन्या वायरीचें आवरण उन्हाळ्यांत बोटांनीं चुरतें. स्थूल नियम असा कीं, तापमान 10 अंशांनीं वाढलें कीं आवरणाचें आयुष्य सुमारें निम्में होतें. म्हणजे 40 अंशांवर 40 वर्षें टिकणारी वस्तु 60 अंशांवर 10 वर्षेंच टिकावयाची. अशी झिजलेली केबल नेहमींचें काम निमूटपणें करते. दगा देते ती अपघाताच्या वाफेंत, म्हणजे नेमकी हवी असते तेव्हां.

आगीचा मोठा धडा अमेरिकेंतील ब्राउन्स फेरी येथें 22 मार्च 1975 रोजीं मिळाला. हवेची गळती शोधण्यासाठीं धरलेल्या मेणबत्तीनें भिंतीच्या भोंकांतील फेस पेटला आणि 1600 हून अधिक केबली निकामी झाल्या. आपणांस मात्र तो धडा आपल्याच घरीं पुन्हां गिरवावा लागला. उत्तर प्रदेशांतील नरोरा येथें 31 मार्च 1993 च्या पहांटे टर्बाइनचीं दोन पातीं तुटलीं, हायड्रोजन गळून पेटला आणि आग केबलींच्या वाटेनें पसरली. मुख्य आणि राखीव वीजवाहिन्या एकाच मार्गानें गेल्या होत्या. कुलुपाची किल्ली आणि तिची जोड एकाच जुडग्यांत ठेवावी, तसाच हा प्रकार! नियंत्रण-कक्षांत धूर शिरला, तो सोडावा लागला. केंद्र सुमारें 17 तास विजेविना राहिलें. कर्मचाऱ्यांनीं अंधारांत बॅटऱ्यांच्या उजेडांत वर चढून भट्टींत बोरॉन सोडलें, आणि आग विझविण्याच्या डिझेल पंपांनीं बाष्पजनकांस पाणी पोहोंचविलें. केंद्राबाहेर किरणोत्सर्ग गेला नाहीं. ज्यांनीं हें केलें त्यांचीं नांवें पाठ्यपुस्तकांत यावयास हवीं होतीं, असें या शिक्षकास वाटतें.

तारापुरास 2005-06 सालीं भट्ट्या बंद ठेवून जुन्या डिझेल जनित्रांच्या जागीं अधिक शक्तीचीं नवीं बसविलीं, दोन्ही भट्ट्यांची सामायिक यंत्रणा विभक्त केली. जुन्या घरांत राहूनच त्याच्या भिंती बदलण्याचें हें काम सोपें नसतें.

मग 2011 च्या मार्चमध्यें फुकुशिमा घडलें. तेथील पहिली भट्टीही जनरल इलेक्ट्रिकचीच, उकळत्या पाण्याच्या जातीची. तिच्या पाण्याची पातळी दाखविणारें मापक एका वेगळ्या नळींतील स्थिर जलस्तंभाशीं तुलना करून आंकडा देई. कोंडलेल्या उष्णतेनें त्या नळींतीलच पाणी वाफ होऊन गेलें, म्हणून इंधन उघडें पडलें असतांही पाणी त्याच्यावर आहे असें मापक सांगत राहिलें. यंत्र मोडलें असतें तर निदान संशय तरी आला असता. येथें तें चालू होतें आणि खोटें बोलत होतें.

त्यानंतर भारतीय केंद्रांची पुन्हां तपासणी झाली आणि वीज पूर्ण गेली तरी बाहेरून पाणी देतां यावें म्हणून भट्टीच्या इमारतींबाहेर नळजोडण्या बसविण्यांत आल्या. त्यांत तारापूरही आलें.