नटी बिनोदिनी दासी

नाटकगृहाच्या दारावर कोणाचें नांव असावें, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. परंतु बंगालच्या एका थोर अभिनेत्रीच्या आयुष्याचें शल्य त्यांतच दडलेलें आहे.

१८७३ सालीं कलकत्त्याच्या बेंगॉल थिएटरनें स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करविण्यास आरंभ केला. कुलीन स्त्री रंगभूमीवर येणें त्या काळीं अशक्य. म्हणून नटी आणल्या त्या समाजानें बहिष्कृत मानलेल्या वस्तींतून. बिनोदिनी त्यांतलीच. १८७४ मध्यें, अकरा-बारा वर्षांची असतां, ती दरमहा १० रुपये वेतनावर ग्रेट नॅशनल थिएटरांत दाखल झाली. पुढें नाटककार गिरीशचंद्र घोष यांनीं तिला घडविलें. ‘मेघनादवध’ नाटकांत तिनें एकटीनें सात भूमिका केल्या, यावरून तिची तयारी ध्यानांत यावी.

या मंडळीस स्वतःचें नाटकगृह हवें होतें. गुर्मुख राय नामक तरुण धनिकानें पैसा देऊं केला. मात्र बिनोदिनीनें त्याच्या आश्रयास राहावें, ही अट. सहकाऱ्यांच्या आग्रहास्तव तिनें ती पत्करली. नाटकगृह तिच्या नांवानें ओळखलें जाईल, असें तिला सांगण्यांत आलें होतें. प्रत्यक्ष नोंदणींत नांव निघालें ‘स्टार’!

२१ जुलै १८८३ रोजीं तें उघडलें. पुढल्या वर्षीं तिनें ‘चैतन्यलीला’ नाटकांत चैतन्यप्रभु साकारले. त्याच सुमारास आपल्याकडे भाऊराव कोल्हटकर सुभद्रा होऊन रसिकांस मोहवीत होते; तिकडे एक स्त्री पुरुष संत झाली होती. २१ सप्टेंबर १८८४ रोजीं श्रीरामकृष्ण परमहंस तो प्रयोग पाहावयास आले व त्यांनीं तिला आशीर्वाद दिला.

अवघ्या बारा वर्षांच्या कारकीर्दीनंतर, ऐन तारुण्यांत, तिनें रंगभूमी सोडली. पुढें आपली मुलगी शकुंतला शिकावी म्हणून ती झटली. परंतु नटीच्या मुलीस शाळेचें दार उघडलें नाहीं. ती मुलगी बालवयांतच वारली. १९१२ च्या सुमारास बिनोदिनीनें ‘आमार कथा’ हें आत्मचरित्र प्रसिद्ध केलें. फसवणुकीचें दुःख तिनें त्यांत लपविलें नाहीं, पण गुरूविषयींची कृतज्ञताहि सोडली नाहीं. १९४१ सालीं तिचें निधन झालें.

बीडन स्ट्रीटवरील तें पहिलें स्टार पुढें हातीबागानेंत नव्या वास्तूंत गेलें. २०२४ च्या अखेरीस त्या नाटकगृहास ‘बिनोदिनी’ हें नांव देण्याची घोषणा पश्चिम बंगालमध्यें झाली. एक जुनें वचन १४१ वर्षांनीं पाळलें गेलें, याचा आनंदच आहे. परंतु सारा जन्म शाळेंत घालविलेल्या माझ्यासारख्यास वाटतें कीं, शकुंतलेस नाकारलेल्या त्या शाळेचें ऋण मात्र कोणत्याहि पाटीनें फिटण्यासारखें नाहीं.