गंगाजळी : गडू, शपथ आणि खजिना



आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एकच शब्द निवडला आहे. 'गंगाजळी' म्हटले की लष्करातील मराठी माणसाला शिंद्यांचा खजिना आठवतो. तो कोठे पुरला होता याच्या कथा आपण सर्वांनी ऐकल्या आहेत. मला मात्र आधी त्या शब्दाकडे पाहावयाचे आहे.

मूळ वस्तू अगदी साधी. काशीयात्रेहून परतणारा यात्रेकरू तांब्याच्या गडूत गंगोदक भरून, त्याचे तोंड डाग देऊन बंद करून घरी आणी. गंगापूजन होई, मावंदे होई, आणि मग तो गडू देवघरात जाई. ते पाणी तहानेसाठी नव्हे. घरातले कोणी अखेरच्या घटका मोजू लागले की गडू फोडावयाचा आणि तुळशीपत्रासह थेंबभर पाणी मुखात घालावयाचे. रोज डोळ्यांसमोर असणारी, पण रोज हात लावावयाची नाही अशी ही वस्तू. राखून ठेवलेल्या धनाला गंगाजळी का म्हणू लागले याचे उत्तर, माझ्या मते, येथेच आहे. गंगेसारखे न आटणारे धन ते गंगाजळी, अशी फोड कोणी केली तर ती कानाला गोड लागेल. परंतु हे रूपक वाहत्या गंगेचे नाही, बंद केलेल्या गडूचे आहे. 'गंगाजळीला हात घालणे' हा आपला वाक्प्रचार निरुपायाच्या वेळीच वापरला जातो, तो उगाच नव्हे.

आपल्या हिंदी शेजाऱ्यांनी त्याच पात्रातून निराळा अर्थ काढला. 'गंगाजली उठाना' म्हणजे गंगाजलाचे पात्र हाती घेऊन शपथ वाहणे. मराठीला त्यात साठा दिसला, हिंदीला सत्य दिसले. भांड्याचे नाव धनाला मिळणे ही गोष्ट मात्र नवलाची नाही. संस्कृतातील 'कोश' म्हणजे म्यान, कळी, भांडार आणि शब्दांचा संग्रहही. रोमन सम्राटाच्या खजिन्याला 'फिस्कस' म्हणत, त्याचा मूळ अर्थ वेताची टोपली. परंतु टोपलीला शपथ नसते. गंगाजळीला ती होती, आणि ग्वाल्हेरच्या इतिहासात ती कसोटीला लागली.

जून १८५८. तात्या टोपे, रावसाहेब पेशवे आणि झाशीच्या राणी लक्ष्मीबाई यांनी ग्वाल्हेर घेतले. जयाजीराव महाराज आग्र्यास निघून गेले होते. फौजेचे पगार थकलेले. अशा वेळी दरबारच्या खजिन्याचे अधिकारी अमरचंद बांठिया यांनी खजिना क्रांतिकारकांच्या हवाली केला. इंग्रजांनी शहर परत घेतल्यावर या गृहस्थांना आपल्या सराफा बाजारात फाशी देण्यात आले. दरबारच्या दृष्टीने तो विश्वासघात, आपल्या दृष्टीने हौतात्म्य. मला त्यात शब्दाचाच प्रश्न दिसतो : गडू फोडण्याची घटका आली आहे, हे ठरवावयाचे कोणी?

जयाजीरावांनी पुढे धनाभोवती गुप्ततेची भिंत उभारली, ती या अनुभवानंतर, असे मानावयास जागा आहे. गुप्तता होती, पण कंजूषपणा नव्हता. १८७२ साली आग्रा-ग्वाल्हेर रेल्वेसाठी आणि १८७३ साली इंदूर-नीमच मार्गासाठी दरबाराने प्रत्येकी ७५ लक्ष रुपये कर्जाऊ दिले. १८८६ साली महाराज निवर्तले तेव्हा माधवराव अवघे नऊ वर्षांचे होते. तळघरांची खूण सांगणारे 'बीजक' मुलाला सांगण्यापूर्वीच पित्याचे डोळे मिटले, असे सांगतात. (आज दुकानदार मालाच्या यादीला बीजक म्हणतो; कबीराच्या ग्रंथाचेही नाव तेच. शब्दांचे दैव असे.) तळघरांच्या शोधाच्या कथा मी येथे सांगत नाही, त्यांत रंग फार आणि आधार थोडा. महत्त्वाचे ते पुढचे. माधवराव महाराजांनी पुरलेले धन गुंतवणुकीकडे वळविले आणि गंगाजळी हा हिशेबाच्या वहीतला निधी झाला. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले, त्यानंतर या निधीच्या न्यासासाठी कायदा करण्यात आला आणि देवघरातला हा शब्द विधिमंडळाच्या भाषेत गेला. बांठियांच्या वेळचा प्रश्न निदान कागदोपत्री तरी लोकांच्या बाजूने सुटला.

महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनी त्याला आणखी एक आयुष्य दिले. परकीय चलनाच्या साठ्याला ती 'गंगाजळी' म्हणतात. १९९१ साली ही गंगाजळी जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरती उरली आणि देशाचे सोने परदेशी गहाण पडले, तेव्हा हा शब्द आपल्या खऱ्या अर्थाने वापरला गेला असे मला वाटते. एरवी तो केवळ 'शिल्लक' या अर्थाने येतो. त्यातली बंद गडूची आठवण बुजत चालली आहे.

आपल्याकडे तर तेवढेही नाही. आपण हिंदी पत्रे वाचतो आणि ती 'विदेशी मुद्रा भंडार' लिहितात. लष्करातल्या काही जुन्या मराठी घरांच्या देवघरांत गंगेचा गडू अजून आहे. नातवंडे त्याला 'गंगाजली' म्हणतात, आणि त्यांच्या हिंदीला धरून ते बरोबरच आहे. अडीअडचणीसाठी आजीने बाजूला ठेवलेल्या पैशाला मात्र ती 'सेव्हिंग' म्हणतात.