हरलेल्यांचा वाटा

कॉलेजात असताना मी बास्केटबॉलच्या संघात राखीव खेळाडू होतो. मैदानापेक्षा बाकावरच जास्त बसलो. त्यामुळेच असेल, जिंकणाऱ्यांपेक्षा हरणाऱ्यांच्या गोष्टी माझ्या अधिक लक्षात राहतात. आज सांगतो ती गोष्ट अमेरिकेतली, ९ मार्च १९७४ची.

तिथली विद्यापीठे गट करून आपसांत खेळतात. अशा गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात. अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स हा त्यांपैकीच एक, १९५३ साली स्थापन झालेला. मोसमभर साखळी सामने होत. पण गटविजेता ठरे तो शेवटच्या बाद स्पर्धेत. राष्ट्रीय स्पर्धेला गटातून एकच संघ जाई. मोसमभर जिंकत आलेल्यांची एक संध्याकाळ चुकली, की सारे संपले.

त्या वर्षी ग्रीन्सबरोच्या अंतिम सामन्यात देशात पहिल्या क्रमांकाचा नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि चौथ्या क्रमांकाचा मेरीलँड समोरासमोर आले. तीन गुणांची बास्केट तेव्हा नव्हती, तरी दोघांनीही शंभरी गाठली. बरोबरी झाली, जादा वेळ द्यावा लागला. टॉम बर्लसनने एकट्याने ३८ गुण केले आणि स्टेटने सामना १०३-१०० असा जिंकला. पुढे याच संघाने उपान्त्य फेरीत सलग सात वर्षांच्या विजेत्या यूसीएलएला नमवले आणि राष्ट्रीय विजेतेपदही मिळवले.

मेरीलँडला मात्र त्या स्पर्धेत जागा नव्हती. त्यांचे प्रशिक्षक लेफ्टी ड्रायसेल सामन्यानंतर प्रतिस्पर्ध्यांच्या बसमध्ये चढले आणि त्या मुलांचे अभिनंदन करून आले.

१९७५ साली राष्ट्रीय स्पर्धेतले संघ २५ वरून ३२ झाले आणि एका गटातून दुसराही संघ घेण्याची मुभा मिळाली. हे एकाच सामन्याने घडले असे नाही. १९७१ साली सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ २६ पैकी २४ सामने जिंकूनही असेच बाहेर राहिले होते. पण ग्रीन्सबरोनंतर जुन्या नियमाची बाजू घेणे अवघड झाले. १९७५ साली मेरीलँड गटाची बाद स्पर्धा न जिंकताही राष्ट्रीय स्पर्धेत खेळला.

लेन एल्मोर आणि टॉम मॅकमिलन यांना मात्र ती संधी मिळाली नाही. त्यांची कॉलेजची वर्षे १९७४ सालीच संपली होती. विजेत्यांची नावे करंडकावर कोरली जातात. ज्यांच्या पराभवाने नियम बदलतो, त्यांची नावे कुठे कोरायची? म्हणून आज ती मुद्दाम घेतली.