मुंबईचे अरबी-फारसी भाषांतरकार: एडवर्ड रेहात्सेक

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्याच्या इतिहासात कलेक्टर, मिशनरी आणि शेठिये यांची चरित्रे सविस्तर आढळतात. परंतु ज्या विद्वानांनी अरबी आणि फारसी ग्रंथभांडार आयुष्य वेचून इंग्रजीत उतरविले, त्यांची नोंद त्या मानाने फारच त्रोटक राहिली आहे, आणि एडवर्ड रेहात्सेक हे त्याचे ठळक उदाहरण होय.

1819 मध्ये हंगेरीत जन्मलेले रेहात्सेक 1847 मध्ये मुंबईस आले, विल्सन कॉलेजात गणित व लॅटिन शिकवून त्यांनी चरितार्थ चालविला आणि उरलेला सारा वेळ पौर्वात्य भाषांच्या व्यासंगास वाहिला. पारशी पंडित मुल्ला फिरोज यांच्या नावाने मुंबईत जो पोथ्यांचा संग्रह होता, त्यातील अरबी, फारसी, तुर्की व हिंदुस्तानी हस्तलिखितांची त्यांची वर्णनात्मक सूची 1873 मध्ये छापली गेली. हे काम वरवर कारकुनी वाटते; पण नुसत्या नावांची याददास्त न करता प्रत्येक पोथी उघडून तिचा कर्ता कोण, विषय कोणता, हे ठरवावयाचे म्हणजे वैद्यक, ज्योतिष, इतिहास आणि काव्य या सर्वांत गती असावी लागते. भाषांतरकाराची तालीम ती हीच.

पुढे रिचर्ड बर्टन आणि मुंबईत सनदी नोकरी केलेले फॉर्स्टर आर्बथनॉट यांनी कामशास्त्र सोसायटी काढली, तेव्हा जामीचे ‘बहारिस्तान’ (1887) आणि सादीचे ‘गुलिस्तान’ (1888) रेहात्सेक यांनी फारसीतून इंग्रजीत आणले. पुस्तकांवर मात्र त्यांचे नाव नव्हते, आणि ‘गुलिस्तान’चे श्रेय दीर्घकाळ बर्टन यांच्या खाती जमा होत राहिले. इब्न इसहाकच्या अरबी पैगंबरचरित्राचे भाषांतर तर त्यांनी पूर्ण केले, पण 1891 मध्ये त्यांचा अंत झाला. हस्तलिखित लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत पडून राहिले आणि 1964 मध्ये, म्हणजे तब्बल 73 वर्षांनी, मायकेल एडवर्ड्स यांच्या संपादनाखाली वाचकांच्या हाती आले.

न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या ईस्ट टामाकीत बसून मी हे लिहितो. या शहराच्या दप्तरातही अशीच एक नोंद अपुरी आहे. गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी माओरी पुराणकथा 1854 मध्ये मूळ भाषेत व 1855 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केल्या. त्यांना शेकडो पृष्ठांचा मजकूर लिहून देणारे ‘ते आरावा’ जमातीचे विद्वान विरेमू माइही ते रांगीकाहेके यांचा त्यात नामनिर्देश झाला नाही. येथे मूळ कथा सांगणारा झाकला गेला, मुंबईत ती परभाषेत नेणारा. ज्याच्या हाती छापखाना आणि अधिकार होता, त्याचेच नाव उभय ठिकाणी पुढे आले.

ग्रंथाचे मूल्य जाणणाऱ्या समाजाने ग्रंथाच्या चाकरांचा हिशेबही चोख ठेवला पाहिजे. अरबी-फारसी वाङ्मय आपल्यापर्यंत बहुतांशी इंग्रजीच्या वाटेने आले, आणि ती वाट घडविणाऱ्यांपैकी एक मनुष्य मुंबईत चव्वेचाळीस वर्षे राहिला; म्हणून रेहात्सेक यांचे ऋण मराठी वाङ्मयेतिहासाच्या जमाखर्चात नावानिशी दाखल होणे न्याय्य आहे.