शर्यतीचा पॅडलबोर्ड: कोणाची फळी, कोणते पाणी

जुन्या हवाईत लाटेवर स्वार होण्याच्या फळ्यांमध्ये अलाया आणि ओलो हे दोन प्रकार प्रमुख होते. अलाया आखूड आणि पातळ, ती सर्वांची. ओलो लांब आणि जाड. ती सरदार घराण्यांची. ओलोसाठी विलीविलीचे लाकूड नावाजलेले होते. हे झाड आपल्या पांगाऱ्याच्या जवळचे, लाकडाने अतिशय हलके. कोणी कोणती फळी घ्यायची, हे दर्जावरून ठरत असे.

पुढच्या काळात फळीची घडण बदलायला टॉम ब्लेक या अमेरिकन जलतरणपटूचे काम कारणीभूत ठरले. १९२६ मध्ये होनोलुलूच्या बिशप संग्रहालयातील जुन्या फळ्या दुरुस्त करताना त्याने ओलोची घडण बारकाईने पाहिली. त्या नमुन्यावर त्याने रेडवुडची फळी केली, वजन घटवण्यासाठी तिला शेकडो भोके पाडली आणि वरून पातळ लाकूड चिकटवून ती बंद केली. पुढे त्याने होडीसारखा फासळ्यांचा सांगाडा करून आतून पोकळ फळी बनवली. तिचे पेटंट त्याला १९३२ मध्ये मिळाले. त्याच वर्षी ब्लेक, पीट पीटरसन आणि वॉली बर्टन यांनी अशा फळ्यांवर हातांनी वल्हवत कॅलिफोर्नियाचा किनारा ते कॅटलिना बेट हे अंतर पार केले.

१९५५ मध्ये बेट आणि किनारा यांमधल्या याच पाण्यात पॅडलबोर्डची, म्हणजे हातांनी वल्हवायच्या फळीची, ३२ मैलांची ‘कॅटलिना क्लासिक’ शर्यत सुरू झाली. १९६० नंतर तिच्यात खंड पडला आणि १९८२ मध्ये ती पुन्हा भरली. तिथे ‘स्टॉक’ गटात फळी १२ फुटांपर्यंतच चालते; ‘अनलिमिटेड’ गटात लांबीला बंधन नाही. हा फरक मोठा आहे. पाणी कापत जाणारी फळी स्वतःच लाट उठवते आणि तिच्यातच अडकते. लांबी वाढली की वेगाची ही मर्यादा वर सरकते. होड्यांच्या ढोबळ सूत्राने १२ फुटांना ती ४.६ नॉट, तर १८ फुटांना ५.७ नॉट येते. मात्र लांब फळी सहज वळत नाही, म्हणून तिला पायाने फिरवायचे सुकाणू बसवतात.

पुढे लाकडाची जागा फोमने घेतली. फोमचा ठोकळा रंधून, घासून आकाराला आणायचा आणि त्यावर काचतंतूचे किंवा कार्बनचे कापड रेझिनने चढवायचे, ही आजची रीत. हाताने घडवलेल्या फळीचे खरे मोल इथेच आहे: कारागीर स्वाराचे वजन, उंची आणि सवय विचारून जाडी व रुंदी ठरवू शकतो. घनफळ कमी पडले तर फळी पाण्यात दबते आणि प्रत्येक हाताला ओढ बसते. ते जास्त झाले तर ती उंच तरंगते, डुलते आणि वाऱ्याला सापडते. गुडघ्यांवर बसून वल्हवणाऱ्याचा गुरुत्वमध्य वर जातो. त्याला थोडी रुंद, वरून खोलगट फळी लागते. पालथे पडून वल्हवणाऱ्याला अरुंद फळी पेलते.

पाणीही पाहावे लागते. शांत पाण्यात सरळ तळाची फळी धावते. हवाईतील मोलोकाई ते ओआहू या बेटांमधल्या १९९७ पासूनच्या शर्यतीत लाटा बहुधा पाठीमागून येतात. तिथे पुढचे टोक वर उचललेले नसेल तर ते पुढच्या लाटेत रुतते. विजेत्याची अरुंद फळी पाहून नवख्याने तीच मागणे ही सर्वांत महागडी चूक. तोल सावरण्यात खर्च झालेली ताकद वेगाला मिळत नाही, आणि थकलेल्या शरीराचा तोल आधी जातो. म्हणून फळीची पारख लांब सरावाच्या शेवटच्या तासात, खवळलेल्या पाण्यात करावी. जुनी फळी घेताना ती मुळात किती वजनाच्या स्वारासाठी घडवली होती, हे आधी विचारावे.