अक्षराचा खर्डा : नायगाव-वसई परिसराच्या निमित्ताने एका उपेक्षित साधनाचा विचार

१. विषयप्रवेश

वसईच्या खाडीच्या उत्तर तीरावर नायगाव हे गाव आहे. दक्षिणेस खाडीपलीकडे भाईंदर, पश्चिमेस खाडीच्या मुखाशी वसईचा कोट, आणि उत्तरेस काही मैलांवर प्राचीन शूर्पारक म्हणजे सोपारे, अशी त्याची स्थिती आहे. मिठागरांच्या या लहानशा टापूत निरनिराळ्या काळांची व निरनिराळ्या हातांची अक्षरे एकमेकांच्या शेजारी नांदत आली आहेत. सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांना इ. स. १८८२ मध्ये अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा मिळाला. पुढे १९५६ मध्ये भुईगावास नवव्या शासनाचा तुकडा सापडला. वसईच्या कोटात १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता, व त्या अमलातील रोमन अक्षरांच्या थडग्यांच्या शिळा तेथील पडक्या चर्चांतून आहेत. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ या मोहिमेने तर मोडी कागदांची मोठीच रास निर्माण केली. गो. स. सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे जे ४५ खंड प्रसिद्ध केले, त्यांत वसईच्या मोहिमेस स्वतंत्र जागा द्यावी लागली.

या सर्व अक्षरांचे वाचन, लिप्यंतर व कालनिर्णय यांविषयी संशोधकांनी पुष्कळ श्रम घेतले आहेत. परंतु अक्षर तयार होण्यापूर्वी त्याची जी पूर्वतयारी होते, म्हणजे आखणी, चाचणी, खोडाखोड व फेरमांडणी, तिच्याकडे साधन या दृष्टीने आपले लक्ष फारसे गेलेले नाही. या पूर्वतयारीच्या कागदास दप्तरातील जुना शब्द योजून आपण ‘अक्षराचा खर्डा’ असे म्हणू. हा खर्डा अस्सल ऐतिहासिक साधनांत मोडतो व त्याचा संग्रह करण्याची वेळ आली आहे, इतकेच येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

नायगावाच्या पूर्वेस जूचंद्र हे गाव रांगोळीकारांकरिता प्रसिद्ध आहे. रांगोळीने व्यक्तिचित्र किंवा अक्षर काढणारा कलावंत प्रथम जमिनीवर खडूने रेषा आखून घेतो, अंतरे मोजतो, चुकलेली रेषा पुसून पुन्हा काढतो. रंग पडला म्हणजे ती आखणी झाकली जाते, आणि प्रदर्शनाचे दिवस संपले की रांगोळीही झाडून टाकावी लागते. रांगोळीचा हा धर्मच आहे, त्यास इलाज नाही. मात्र कागदावर काढलेल्या अक्षरांच्या आखणीचीही गत अशीच व्हावी, याला कलेचा कोणताही धर्म कारण नाही. केवळ अनास्था कारण आहे.

२. शिळेवरील दोन हात

शिलालेख खोदण्याचे काम सामान्यतः दोन टप्प्यांनी होत असे. शिळा घासून सपाट करावयाची, तिजवर जाणत्या लेखकाने खडू, गेरू किंवा शाई यांनी मजकूर लिहावयाचा, आणि मग टाकीवाल्याने त्या रेषांवरून खोदत जावयाचे. अनेक ताम्रपटांच्या शेवटी मजकूर लिहिणारा व तो कोरणारा यांची नावे वेगवेगळी दिलेली असतात, यावरून ही श्रमविभागणी स्पष्ट होते. मौर्यकाळीही लिहिणाराचे पद वेगळे मानलेले होते. कर्नाटकातील ब्रह्मगिरीच्या शासनाखाली चपड नावाच्या लिपिकराने आपले नाव घातले आहे, व लेख ब्राह्मीत असता आपल्या पदाचा शब्द मात्र खरोष्ठीत लिहिला आहे. अशोकाच्या चौदाव्या शासनात तर काही ठिकाणी मजकूर अपुरा राहण्याचे एक कारण म्हणून लिपिकराच्या चुकीचा स्पष्ट उल्लेख येतो.

याचा अर्थ असा की, सोपाऱ्याच्या तुकड्यावर जे अक्षर आज आपण पाहतो ते टाकीवाल्याच्या हातचे आहे. लिपिकराचा हात त्याखाली दडलेला आहे. छिन्नी चालली की आखणी नष्ट होते. म्हणून शिळेच्या बाबतीत खर्डा मिळण्याची आशा धरणे व्यर्थ होय. कागदाचा काळ सुरू झाल्यावर मात्र परिस्थिती पालटते.

३. पोथी व दप्तर

मराठीत अक्षरलेखनाच्या अभ्यासाचे जुने व व्यवस्थित विवेचन पाहावयाचे असेल तर श्रीसमर्थांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास पाहावा. लेखनक्रियेचे निरूपण हाच त्याचा विषय आहे. त्यातील उपदेश अध्यात्मापेक्षा कारागिरीचा अधिक आहे. अक्षरांची काळोखी व वळण ग्रंथाच्या आरंभापासून अखेरपर्यंत एकसारखे असावे, जणू सारा ग्रंथ एकाच टाकाने उतरला आहे असे वाटावे. वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांस भिडू नयेत. पान आधी शिशाने आखून घ्यावे व मगच लिहावे. तरुणपणी अतिबारीक अक्षर लिहिले तर म्हातारपणी ते आपल्यालाच वाचता येणार नाही, याकरिता मध्यम अक्षर धरावे. पानाच्या चहूकडे जागा सोडावी, म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी मजकूर शाबूत राहील. देशोदेशीचे बरू, ते तासण्याची हत्यारे, शाई, हिंगूळ इत्यादी सामग्री जमवून ठेवण्याविषयीही तेथे सांगितले आहे. ज्यांच्या संग्रही जुन्या पोथ्या आहेत त्यांनी एखादे पान उजेडासमोर तिरपे धरावे. शिशाची किंवा बोथट हत्याराने दाबून काढलेली आखणी पुष्कळदा दिसून येते. पोथीचा खर्डा तो हाच. तो पानातच मुरलेला असल्यामुळे पोथीबरोबर टिकला.

मोडीची रीत निराळी. तेथे कारकुनाने आधी डावीकडून उजवीकडे शिरोरेषा ओढून घ्यावयाची व मग तिला अक्षरे टांगावयाची, तीही हात शक्य तितका कमी उचलून. चिटणीशी, बिवलकरी, महादेवपंती, रानडी अशी वळणांची नावे पेशवाईच्या काळात रूढ झाली, यावरून अक्षरवटिका ही ओळखण्याची व नाव देण्याची वस्तू होती हे उघड आहे. ही वळणे धूळपाटीवर बोट फिरवून व पुढे कित्त्यावरून गिरवून हाती बसवीत. धूळपाटीवरील अक्षर हाताने पुसले की संपले. कित्ते मात्र कागदी असल्याने दप्तरांच्या रुमालांतून अधूनमधून निघतात. संग्राहकाने त्यांस रद्दी समजून बाजूस टाकू नये. कित्ता हाती असला म्हणजे एखाद्या कारकुनाचे वळण कोणत्या मुशीतून निघाले हे सांगता येते, व बिनतारखेच्या कागदाचा काळ ठरविण्यास त्याचे साहाय्य होते.

येथे आपल्या संशोधनपद्धतीतील एका उणिवेकडे लक्ष वेधणे प्राप्त आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला, व तेव्हापासून मोडी कागद बालबोध खिळ्यांत छापण्याचा प्रघात पडला. त्यामुळे इतिहासाचे कल्याण झाले यात संशय नाही. पण या रीतीने मजकूर तेवढा छापील पानावर आला, आणि हात मूळ कागदातच राहिला. ज्या पत्राचे छायाचित्र जोडलेले नाही त्याची अक्षरवटिका वाचकास कधीच दिसत नाही.

४. ठसा, शिळाछाप व खिळा

मुद्रणाच्या आगमनाने अक्षर काढणारा व अक्षर वापरणारा यांची कायमची फारकत झाली. नाना फडणिसांच्या काळी पुण्यातील एका तांबटाने नागरी अक्षरे कोरण्याची विद्या आत्मसात केली. पुढे ती मिरजेस गेली, आणि गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने इ. स. १८०५ मध्ये तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. अशा कोरणीत अक्षर उलटे काढावे लागते, म्हणून सुलटा खर्डा करून तो उलटा पत्र्यावर उतरविल्यावाचून चालत नाही. श्रीरामपुरास विल्यम कॅरे यांनी १८१० मध्ये मराठी कोश छापला तो मोडी खिळ्यांत. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये शिळाछापावर मराठी पंचांग काढले. शिळाछापात चिकट शाईने कागदावर लिहिलेले अक्षर दगडावर उतरते, त्यामुळे लेखकाचा हात छापील पानावर जसाच्या तसा येतो. शिळाछापाच्या पोथ्या संग्राहकास हस्तलिखितांच्या सख्ख्या बहिणी वाटतात, त्याचे कारण हेच.

खिळ्यांचे काम याहून सूक्ष्म. जावजी दादाजी यांनी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहम यांच्या हाताखाली उमेदवारी केली, १८६४ मध्ये खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना घातला व १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. निर्णयसागरी खिळ्यांची जी कीर्ती पुढे सर्व हिंदुस्थानात पसरली तिचे मोठे श्रेय ठसे कापणारे राणोजी रावजी आरू यांचे आहे. ठसा कापण्याची कृती अशी की, पोलादी कांबीच्या टोकावर अक्षर उलटे रेखून कानशीने व छिन्नीने आजूबाजूचे पोलाद काढून टाकावयाचे. मधून मधून ते टोक दिव्याच्या ज्योतीवर धरून काजळी धरू द्यावयाची, व कागदावर दाबून अक्षर कसे उठते ते पाहावयाचे. काना जाड वाटला तर पुन्हा कानस लावावयाची, पुन्हा काजळी धरावयाची. समाधान झाले म्हणजे पोलादास पाणी द्यावयाचे, तो ठसा तांब्यात ठोकावयाचा व त्या साच्यात शिसे ओतावयाचे. नागरीस जोडाक्षरांमुळे असे ठसे शेकड्यांनी लागतात. काजळीचा प्रत्येक डाग हा त्या अक्षराचा एकेक खर्डा होय. रोमन लेखणीच्या उलट तिरपी तोड असलेल्या नागरी बरूची जाडी-बारीकी पोलादात कशी आणावी, हा प्रश्न कारागिराने कसा सोडविला याचा पुरावा त्या डागांत असतो. अ. का. प्रियोळकर यांनी १९५८ मध्ये हिंदुस्थानातील मुद्रणाचा इतिहास लिहिला, व बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये नागरी मुद्राक्षरांवर तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला. या दोन ग्रंथांनी छापील अक्षराचा वृत्तांत सुरक्षित केला आहे. त्याच्या घडणीचे कागद जमविणे हे पुढचे काम आहे.

५. विसाव्या शतकातील अक्षरकार

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठीत अक्षर काढणे हाच व्यवसाय किंवा व्यासंग असलेली मंडळी पुढे आली. ल. श्री. वाकणकर यांनी ‘गणेशविद्या’ हा ग्रंथ १९६८ मध्ये लिहून लेखनपरंपरेची मीमांसा केली. र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी जाहिरातीच्या व्यवसायातून पवईच्या आय. आय. टी. मध्ये अध्यापनाकडे वळून जुन्या लेखनपरंपरेची सांगड संगणकाशी घातली. संगणकावर घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा टंक त्यांच्याच आराखड्याचा. अच्युत पालव यांनी मोडीचा अभ्यास करून तिची वळणे चित्रकाराच्या कुंचल्यात आणली. कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील नावे अशी रेखली की, प्रेक्षकांस नाटकाचा स्वभाव अक्षरावरून कळावा. त्यांचे ‘माझी अक्षरगाथा’ हे पुस्तक संग्राहकांनी अवश्य पाहावे.

या व्यवसायातील कामाची जुनी रीत पाहिली म्हणजे खर्ड्याचे मोल ध्यानात येते. नाव हाती आले की अक्षरकार पेन्सिलीने बोटभर आकाराच्या अनेक आकृती काढतो. कोठे वेलांटी लांबवितो, कोठे शिरोरेषा तोडतो, कोठे दोन अक्षरांचे काने जवळ आणतो. त्यांतील एक-दोन निवडून मोठ्या करतो. त्यावर ट्रेसिंगचा कागद ठेवून रेषा सुधारतो, तोही नापसंत पडला तर आणखी एक कागद चढवितो. शेवटी शाईने अक्षर पक्के करून चुकलेली कड पांढऱ्या रंगाने दुरुस्त करतो. मग छायाचित्र, जस्ताचा ठोकळा व छपाई. छापील जाहिरातीत पांढऱ्या रंगाचा मागमूस राहत नाही, मूळ कागदावर मात्र तो उंचवटा बोटास लागतो.

पेशव्यांच्या खर्ड्यातील खोडलेल्या ओळीस आपण इतके महत्त्व देतो ते कशासाठी? लिहिणाराच्या मनात प्रथम काय होते व नंतर काय झाले हे तीत दिसते म्हणून. पक्क्या पत्रात शेवटचा निर्णय तेवढा असतो. अक्षरांच्या बाबतीत हेच खरे आहे. छापून आलेले नाव हे पक्के पत्र होय. नाकारलेल्या दहा आकृती हा त्याचा खर्डा होय. बिनसहीचे काम कोणाचे, ते कोणत्या सुमारास झाले, मोडीचे किंवा पोथीचे वळण त्यात कोठून आले, या प्रश्नांची उत्तरे त्या दहांत अधिक मिळतात.

६. संग्रहाविषयी सूचना

ट्रेसिंगचा कागद वयोमानाने पिवळा व ठिसूळ होतो, रबराचा डिंक डाग पाडतो, आणि टाचणीचा गंज कागद खातो. शिवाय संगणकावर काम सुरू झाल्यापासून एक आकृती पुसून तिच्याच जागी दुसरी काढली जाते, त्यामुळे मधली पायरी उरतच नाही. म्हणजे हाताने काढलेल्या खर्ड्यांचा काळ थोड्या दशकांपुरता होता, व तो आपल्या डोळ्यांसमोर सरला आहे. जुन्या अक्षरकारांची घरे रिकामी होताना हे कागद प्रथम रद्दीत जातात, कारण घरच्यांस ते अपुरे काम वाटते.

तेव्हा संग्राहकांस पुढीलप्रमाणे सुचवावेसे वाटते. एकाच कामाचे सर्व कागद एकत्र ठेवावेत व त्यांचा मूळ क्रम मोडू नये. प्रत्येकावर पाठीमागे मऊ पेन्सिलीने क्रमांक घालावा, शाई वापरू नये. टाचण्या काढाव्यात, पण पांढरा रंग खरवडून कागद ‘स्वच्छ’ करण्याच्या मोहात पडू नये. कागदाबरोबर छापील नमुना जोडावा. बरू, बोरू, कुंचला किंवा निब यांपैकी काय वापरले याची नोंद अक्षरकार हयात असता त्याच्याकडूनच करून घ्यावी. नव्या पिढीच्या अक्षरकारांनी संगणकावरील प्रत्येक टप्पा निराळा राखून तारीख घालावी. संशोधन-संस्थांनी आपल्या दप्तरखान्यांत बखरी, सनदा, महजर यांबरोबर ‘अक्षरांचे खर्डे’ असा एक स्वतंत्र रुमाल बांधावा. त्यात मोडीचे कित्ते, शिळाछापाचे लिहिलेले कागद, काजळीचे ठसे व चालू काळातील रेखाटने यांना एकत्र स्थान मिळाल्यास मराठी अक्षराचा इतिहास प्रथमच घडणीच्या अंगाने लिहिता येईल.